जीपच्या केबिनमधली इंजिनची धग: आधी भोकं, मग पत्रा, चटई सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी महिंद्राची एमएम ५४०. मूळचं इंजिन काढून टर्बोवालं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल बसवलेलं, वर फायबरचा हार्डटॉप आणि नंतर बसवलेला एसी. उन्हाळ्यात नागपूरहून निघालं की अर्ध्या-पाऊण तासात ड्रायव्हरच्या डाव्या पोटरीला चटका बसू लागतो, शेजारच्या माणसाला पाय खाली टेकवत नाहीत आणि फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर) चढ चढताना गिअर लिव्हरच्या बुडातून सरळ झळ वर येते. सायलेन्सरचा पाइप डाव्या बाजूने उतरतो. गॅरेजवाल्याने सगळ्या फ्लोअरला काळ्या शीट चिकटवून वर चटई टाकून दिली. धग काही कमी झाली नाही, उलट आता आत डांबराचा वास येतो. पुढची पायरी म्हणून पाइपला रॅप (उष्णता अडवणारी काचतंतूंची पट्टी) गुंडाळावा का आणि बॉनेटला जाळ्या पाडाव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

रॅप आणि बॉनेट, दोन्हींचं उत्तर माझ्याकडून जवळजवळ ‘नको’ असंच आहे, पण कारणं पुढे येतील. आधी त्या काळ्या शीटचं बघू. ती डॅम्पिंग शीट असते. पत्र्याची थरथर मारायला आणि आवाज कमी करायला ती बनवलेली असते आणि ते काम ती चोख करते. उष्णता अडवायची तर थराच्या आत हवा कोंडलेली लागते. या शीटमध्ये हवा नसतेच, नुसता भरीव, जड माल असतो. पत्रा तापला की तीही तापते आणि सावकाश सगळी धग वर सोडते. त्यात स्वस्तातली डांबरी शीट असली तर मऊ होऊन वास मारते. निदान टनेलवरची (गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा मधला उंचवटा) आणि डाव्या फ्लोअरवरची तरी काढून टाका. बर्फाच्या पिशव्या थोडा वेळ वर ठेवल्या की ती कडक होते आणि बोथट छन्नीने तुकड्या-तुकड्यांनी निघते. उरलेला चिकटा रॉकेल लावून पुसायचा, दारं उघडी ठेवून.

आता मूळ मुद्दा. इंजिनची उष्णता केबिनमध्ये तीन वाटांनी येते. एक, गरम हवा भोकाभोकांतून सरळ आत शिरते. दोन, तापलेला पाइप फ्लोअरच्या पत्र्यावर झळ फेकतो, मध्ये काही स्पर्श नसला तरी. तीन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा), माउंट आणि बोल्ट यांच्यामार्फत धातूतून धातूत चढते. जुन्या जीपमध्ये बहुतेक वेळा याच क्रमाने त्यांचा वाटा मोठा असतो आणि लोक उपाय नेमका उलट्या क्रमाने करतात, कारण चटई आणि शीट बाजारात तयार मिळते, भोकं बुजवण्याचं सामान कोणी पाकिटात घालून विकत नाही.

त्याच्याही आधी उन्हाचा हिशोब वेगळा काढा. भर दुपारी सूर्य एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ओततो, आणि तुमच्या डोक्यावर फायबरचं मोठं छप्पर आहे. दुपारी गाडी चालवून ‘इंजिन तापवतंय’ म्हणणं म्हणजे दोन आरोपींना एकाच पिंजऱ्यात उभं करणं. रात्री नऊनंतर तोच रस्ता, तेवढाच वेळ, एसी बंद ठेवून चालवा. जी आच तेव्हाही राहील ती इंजिनची. रात्री गाडी एकदम सुसह्य वाटली तर तुमचा पैसा फ्लोअरवर नाही, छपरावर आणि काचांवर जायला हवा.

त्याच फेरीत मोजमाप करून टाका. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर हल्ली हजाराच्या आसपास मिळतो. पेडलच्या मागची फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा), टनेलची उजवी बाजू, टनेलची डावी बाजू, शेजारच्याच्या पायाखालचा फ्लोअर, सीटखालचा भाग आणि हीटरचा डबा, एवढ्या जागांवर मार्करने खुणा करा. चटई काढून, थांबल्या-थांबल्या एकदा आणि इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा एकदा आकडे लिहून ठेवा. दुसऱ्या खेपेला आकडे वाढलेले दिसले तर घाबरू नका. फॅन थांबतो, खालून वाहणारा वारा थांबतो आणि टर्बो, मॅनिफोल्ड (इंजिनमधून जळका वायू गोळा करणारा भाग) यांत साठलेली उष्णता निवांत वर चढते. एक काळजी घ्या, चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र धादांत खोटं बोलतं. दीडशे अंशांचा पत्रा ते पन्नास-साठ दाखवेल. रंगवलेल्या पत्र्यावर, रंग कुठलाही असो, आकडा विश्वासाचा असतो. उघड्या अॅल्युमिनियमवर मोजायचं असेल तर काळ्या मॅट रंगाचा एक ठिपका मारून त्यावर नेम धरा.

आता भोकं. जुन्या जीपच्या फायरवॉलला किती भोकं असतात हे एकदा बघितलंत तर एसी कशाला लावला असं वाटेल. रात्री बॉनेट उघडून कोणाला तरी जोरदार टॉर्च घेऊन इंजिनच्या बाजूने फायरवॉलवर, मग गाडीखालून टनेलवर फिरवायला सांगा आणि तुम्ही आत पेडलपाशी डोकं घालून आडवे व्हा. जिथे उजेड दिसेल तिथून हवा येणारच. वायरिंगचा जुडगा जिथून आत येतो तिथला ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) बहुधा फाटलेला असतो, किंवा स्पॉटलाइटची वायर ओढताना कोणीतरी तो ढकलून आत पाडलेला असतो. अॅक्सिलरेटरची केबल, क्लच, स्टीअरिंग कॉलमचा रबर, हीटरचे दोन पाइप, एसीचे दोन पाइप. शिवाय इंजिन बदललेल्या गाडीत हमखास सापडतात ती मूळ इंजिनची रिकामी भोकं. जुनी केबल गेली, भोक राहिलं.

टॉर्चने जे दिसत नाही ते अगरबत्तीने दिसतं. काचा बंद, ब्लोअर बंद, इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली. पेटती अगरबत्ती एकेका सांध्यापाशी धरायची. धूर तुमच्याकडे ढकलला गेला तर तिथून हवा आत येतेय. रेडिएटरचा फॅन सगळी गरम हवा मागे फायरवॉलवर मारत असतो, म्हणजे बॉनेटखाली दाब असतो आणि तो दाब वाट शोधतो. उभ्या गाडीतही हे कळतं. चालत्या गाडीत तर आणखी एक भानगड होते. मागची काच किंवा मागचं दार उघडं ठेवलं की मागे पोकळी तयार होऊन केबिनमधली हवा तिकडे ओढली जाते आणि तिची जागा भरायला पुढून, पेडलच्या भोकांतून, गिअरच्या रबरातून इंजिनची हवा आत येते. मागे उघडं ठेवायचं तर पुढचंही थोडं उघडा.

तुमच्या वर्णनातली गिअर लिव्हरच्या बुडातली झळ मला सगळ्यात बोलकी वाटली. तिथे दोन बूट असायला हवेत. एक आतला, जाड रबरी, टनेलच्या झाकणाला कडीने घट्ट बसवलेला आणि दुसरा वरचा, दिसायला छान असा रेक्झिनचा. बहुतेक गाड्यांत आतला जाड बूट केव्हाच फाटून गेलेला असतो आणि लोक वरचा नवा घालून समाधान मानतात. नुसता वरचा बूट हवा अडवत नाही. मुळशीतल्या एका गाडीचे फक्त हे आतले बूट बदलले, टनेलच्या झाकणाखाली नवी गॅस्केट पट्टी टाकली, आणि मालकाने पुढचं काम रद्दच केलं. टनेलचं झाकण स्क्रूने बसतं, त्यातले निम्मे स्क्रू हरवलेले असतात आणि गिअरबॉक्स काढताना वाकलेली कड तशीच राहिलेली असते. झाकण काढा, सपाट जागी ठोकून कड सरळ करा, सिलिकॉन फोमची पट्टी लावा आणि सगळे स्क्रू घाला. सगळे म्हणजे सगळे. बूट पुण्यात नाना पेठेत सहज मिळतात. नागपुरातही जुन्या जीपचे सुटे भाग ठेवणारे आहेतच. बूट तुमच्या गिअरबॉक्सच्या लिव्हरला बसेल असा बघून घ्या, कारण इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदललेला असेल तर लिव्हरची जागा सरकलेली असते.

बुजवायला काय वापरायचं? वायरिंगला योग्य मापाचा रबरी ग्रोमेट. रिकाम्या भोकांना पत्र्याची टिकली, रिव्हेट आणि तिच्या कडेने उच्च तापमानाचं सिलिकॉन. फवारून फुगणारा पीयू फोम फायरवॉलमध्ये अजिबात भरू नका, तो पेट घेतो. एम-सील टनेलवर टिकत नाही, थरथरीने तडकतं. फ्लोअरमधले पाणी जाण्याचे बूच मात्र बदला, कायमचे बंद करू नका. ओढ्यातून गाडी काढली की तेच उघडावे लागतात.

इथे एक गोष्ट गमतीवारी न्यायची नाही. जिथून गरम हवा आत येते तिथूनच एक्झॉस्टचा वायूही येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिझेलमध्ये तो पेट्रोलपेक्षा बराच कमी असतो, पण बंद केबिनमध्ये ‘कमी’ हा शब्द कामाचा नाही. डोकं जड होणं, मळमळ, विनाकारण झोप येणं, असं लांबच्या प्रवासात होत असेल तर बाकी सगळं सोडून आधी गळती शोधा. मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी, टर्बोच्या फ्लँजवर आणि लवचिक जाळीच्या तुकड्यावर काजळीच्या काळ्या रेघा दिसतात का बघा. थंड इंजिन सुरू करून मदतनिसाने जाड ओल्या फडक्याने टेलपाइप क्षणभर दाबला की गळतीची फुसफुस ऐकू येते. सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. हे काम उघड्यावर करायचं, शेडमध्ये नाही. आणि टेलपाइप बॉडीच्या बाहेर नीट निघायला हवा. मोठे टायर बसवताना कापून मागच्या सीटखाली संपवलेले पाइप मी पुष्कळ पाहिले आहेत. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वस्त असतो, डॅशबोर्डवर एक असू द्या.

हीटरचं पाच मिनिटांत उरकेल. विदर्भात उन्हाळ्यात हीटर कोणी लावत नाही, म्हणून तो विसरला जातो. पण त्याचा कॉक नीट बंद होत नसेल तर ऐंशी-नव्वद अंशांचं कूलंट दिवसभर तुमच्या डॅशबोर्डखाली फिरत असतं आणि एसी त्याच्याशी भांडत असतो. हीटर ‘बंद’ असताना त्याच्या दोन्ही होजवर थर्मामीटर धरा. दोन्ही सारखेच गरम असले तर कॉक पास होतोय, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतोय. कॉक बदला, नाहीतर मार्च ते जूनपुरते दोन्ही होज इंजिनच्या बाजूला एकमेकांना जोडून हीटर वगळा. जोडा म्हणतोय, बुच मारून बंद करा म्हणत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरण्याची वाट तीच असते.

आता पाइप. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण डाव्या बाजूच्या चटक्याचं मूळ तिथेच दिसतंय. झळ, म्हणजे स्पर्शाशिवाय येणारी उष्णता, तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, आणि ते तापमान केल्व्हिनमध्ये धरायचं. २०० अंश सेल्सिअसचा पाइप ४०० वर गेला तर झळ दुप्पट नाही, चौपट होते. दोन इंची पाइपचा साधारण दोन फुटांचा गंजका तुकडा ४०० अंशांवर असेल तर तो नुसत्या झळेने ८०० ते ९०० वॅट फेकतो. म्हणजे थंडीत लावतो तो एक रॉडचा रूम हीटर जवळजवळ पूर्ण चालू करून शेजारच्याच्या पायाखाली ठेवलाय असं समजा. टर्बो डिझेलचा डाउनपाइप (टर्बोपासून खाली उतरणारा पाइप) सपाट रस्त्यावर इतका तापत नाही, पण लांब चढावर, फोर-लोमध्ये जोर लावताना आणि खाली वारा नसताना तो या घरात पोहोचतो. म्हणून तुमचा त्रास चढाला वाढतो.

झळेवरचा उपाय झळेच्याच स्वभावातून निघतो. मध्ये एक चकचकीत पत्रा टांगायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हवा खेळती ठेवायची. स्वच्छ अॅल्युमिनियम अंगावर येणाऱ्या झळेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो. जो थोडा शोषतो तो पाठीमागच्या हवेला देतो आणि ती हवा वाहून जाते. हवेची ती फट हाच अर्धा उपाय आहे. फॉइल लावलेल्या फोमची चकचकीत बाजू फ्लोअरला खालून थेट चिकटवली, किंवा छपराखाली वापरतात तो बुडबुड्यांचा चंदेरी कागद चटईखाली दाबला, तर चकचकीत बाजूचा काहीच उपयोग होत नाही. दोन्हीकडून स्पर्श झाला की अॅल्युमिनियम आरसा राहत नाही, नुसता उष्णतेचा वाहक होतो.

मी करतो ते असं. एक मिलीमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा घ्यायचा. पाइपच्या वर फ्लोअरखाली जी जागा आहे तिथे आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहायचा. पाइप इंजिनाबरोबर हलतो, रबरी हँगरवर झुलतो, त्यामुळे पाइप आणि पत्रा यांत निदान वीस-पंचवीस मिलीमीटर आणि पत्रा व फ्लोअर यांत दहा ते पंधरा मिलीमीटर अंतर ठेवायचं. रुंदी पाइपच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटं जास्त, आणि कडा खाली किंचित दुमडलेल्या, म्हणजे पत्रा ताठ राहतो आणि खडखडत नाही. स्टीलच्या चार बोल्टवर, मध्ये जाड स्पेसर घालून टांगायचा. बोल्ट जितके कमी तितकी धातूतून चढणारी धग कमी, पण तीनपेक्षा कमी ठेवलेत तर पहिल्या खडकाळ वाटेवर पत्रा वाजायला लागेल. पुढचं आणि मागचं टोक उघडं ठेवायचं, म्हणजे चालत्या गाडीत वारा मधून निघून जातो.

टर्बोच्या आणि मॅनिफोल्डच्या अगदी जवळ अॅल्युमिनियम नको, ते ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी लुळं पडतं. तिथे पातळ स्टेनलेस. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त म्हणून कोणी सुचवेल. जस्त ४२० अंशांवर वितळतं, त्यामुळे एक्झॉस्टजवळ तो पत्रा टिकत नाही. पत्रा बसवताना ब्रेकची आणि क्लचची पाइपलाइन कुठून जाते ते बघा. आपण झळ फ्लोअरपासून वळवून ब्रेक लाइनवर टाकली असं व्हायला नको. नवं कोरडं डॉट ३ ब्रेक ऑइल २०५ अंशांना उकळतं, पण त्याने हवेतला ओलावा शोषला की तोच आकडा १४० पर्यंत उतरतो. लांब उतारावर पेडल मऊ पडायचं ते यामुळेच. डिझेलची रिटर्न लाइनही तशीच बाजूला घ्या.

जंगलाकडे जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. उन्हाळ्यात वाळलेलं गवत आणि पालापाचोळा या पत्र्याच्या आणि पाइपच्या मध्ये अडकतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एप्रिल-मेमधल्या रानात हे कोरडं सरपण तापलेल्या पाइपवर बसलं तर गाडीसकट रानाला आग लागेल. म्हणून पत्रा चार बोल्टांत निघणारा हवा, वेल्डिंग नको. गवतातून गाडी काढली की थांबून खाली वाकून बघायचं, हाताशी लाकडी काठी ठेवायची, गवत उपसायचं. पावसाळ्यात हीच जागा चिखलाने भरते आणि चिखल वाळला की हवेची फट गेली, पत्रा असून नसल्यासारखा.

यातूनच रॅपबद्दलचं माझं मत आलंय. रॅप काम करत नाही असं नाही, चांगलं करतो. रेसच्या गाडीला, कोरड्या रस्त्यावरच्या गाडीला ठीक आहे. पण आपली गाडी ओढ्यात उतरते. काचतंतूंची ती पट्टी चिखलाचं पाणी पिते, धरून ठेवते आणि साध्या लोखंडाचा पाइप आतून कधी सडला ते कळतही नाही. बिडाच्या मॅनिफोल्डवर गुंडाळली तर तो नेहमीपेक्षा जास्त तापतो आणि त्यावर एकदम थंड पाणी उडालं की तडा जायचा धोका वाढतो. शिवाय जुन्या डिझेलवर ऑइलचा किंवा डिझेलचा एखादा पाझर असतोच. रॅपमध्ये ऑइल मुरलं की ती दिव्यातली वात झाली. तरीही गुंडाळायचाच असेल तर टर्बोच्या पुढचा फूट-दीड फूट, स्टेनलेस पाइपवर, स्टेनलेस क्लिप लावून, आणि वर कोणताही पाझर नाही याची खात्री करून. हातमोजे आणि मास्क घाला. पहिल्यांदा तापताना धूर येतो, तो आपोआप थांबतो.

पाइप मुळात इतका तापतोच का, हेही विचारा. बदललेल्या टर्बो इंजिनांत ‘पंप वाढवून’ (म्हणजे डिझेल पंपातून जास्त इंधन सोडवून) घ्यायची चाल आहे. पिकअप वाढतो, मागून काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान झपाट्याने चढतं. धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर आणि टर्बो ते इनटेक मॅनिफोल्डमधले (इंजिनला हवा नेणारे) होज तपासा. ते ठीक असतील तर चांगल्या पंपवाल्याकडून पंप आणि टायमिंग (इंधन फवारण्याची वेळ) जागेवर आणून घ्या. टायमिंग मागे पडलं तरी ज्वलन उशिरा संपतं आणि उष्णता सिलिंडरमध्ये कामी यायची ती पाइपमध्ये जाते. हे दुरुस्त न करता पत्रे ठोकत बसणं म्हणजे गळका नळ सोडून फरशी पुसणं.

बॉनेटच्या जाळ्या आणि बॉनेटची मागची कड स्पेसर घालून उचलणं, हे दोन्ही दिसायला दणकट वाटतं. कड उचलल्याने उभ्या गाडीत गरम हवा निघते, हे खरं. पण गाडीने वेग घेतला की विंडस्क्रीनच्या बुडाशी हवेचा दाब वाढलेला असतो. तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आत ढकलली जाते आणि पुढून रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडते. त्यात केबिनच्या ताज्या हवेचं तोंड बहुतेक गाड्यांत तिथेच असतं. म्हणजे बॉनेटखालची धग तुम्ही स्वतःच्या हाताने ब्लोअरला भरवणार. जाळ्या बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या थोड्या मागे असल्या तर उपयोगी पडतात, पण मग पावसाचं पाणी अल्टरनेटरवर आणि वायरिंगवर पडतं. त्याआधी फुकटातल्या गोष्टी बघा. ग्रिलसमोर विंच, नंबर प्लेट आणि चार-चार स्पॉटलाइट लावून रेडिएटरचा श्वास कोंडलाय का? इंजिन बदलताना फॅनचं श्राउड (फॅनभोवतीचं कडं) परत बसवलं का? श्राउड नसलेला फॅन त्याच त्या गरम हवेला गोल-गोल फिरवत राहतो. खाली सलग स्किड प्लेट (खडकांपासून वाचवणारा खालचा पत्रा) असेल तर गिअरबॉक्सखाली तिला हवेची भोकं पाडून घ्या.

एवढं सगळं झाल्यावर पुन्हा रात्रीची फेरी, पुन्हा तेच आकडे. टनेल आणि डावा फ्लोअर साठ-सत्तरच्या खाली आला असेल तरच आतल्या थराकडे वळायचं. फोमलाही मर्यादा असते. नायट्रिल रबरचा बंद पेशींचा फोम साधारण शंभर अंशांपर्यंत टिकतो, त्यापुढे कडक होऊन चुरा होतो. हा फोम गाडीच्या दुकानात ‘कार इन्सुलेशन’ नावाने महाग मिळतो. एसीचे डक्ट गुंडाळायला तोच वापरतात, म्हणून रेफ्रिजरेशनच्या सामानाच्या दुकानात दहा मिलीमीटर जाडीचा मागा. स्पंज, नमदा, गोणपाट, जुनी कार्पेट, असं पाणी पिणारं काहीही जीपच्या फ्लोअरवर घालू नका. वरून कोरडं दिसतं आणि खाली पत्रा गंजतो. सिरॅमिक वूल आगीला भारी, पण त्याचे तंतू फुप्फुसांना वाईट, उघडा तर कधीच लावायचा नाही.

फोम टनेलवर, फायरवॉलच्या आतल्या बाजूला आणि दोन्ही फ्लोअरवर, सांधे अॅल्युमिनियम टेपने बंद करून. त्यावर जाड रबरी चटई. थर चढवून झाल्यावर इंजिन बंद असताना तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघा. दहा मिलीमीटर फोम आणि वर चटई एवढं वाढलं की अॅक्सिलरेटर पूर्ण खाली जात नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे चटईची कड त्यावर अडकून तो परत वर येत नाही. पेडलखाली फोम कापूनच टाकायचा. बॉडी माउंटच्या बोल्टांवर आणि पाण्याच्या बुचांवरही फोमची निघणारी टिकली ठेवा.

शेवटी तुमचा एसी. नंतर बसवलेल्या एसीत कंप्रेसरकडे परत जाणारा जाड, थंड पाइप बऱ्याचदा एक्झॉस्टच्या अंगावरून नेलेला असतो. त्यावर त्याच फोमची नळी चढवा आणि शक्य असेल तर पाइप फेंडरच्या बाजूने वळवा. हार्डटॉपला आतून दहा मिलीमीटर फोम लावला की दुपारचा फरक जाणवेलच. मात्र नागपुरात हवाच ४५ वर असते आणि मे महिन्यातला डांबरी रस्ता साठच्या वर, त्यामुळे फ्लोअर कधी गार लागणार नाही. पाय टेकवता आला आणि एसीने केबिन गार धरून ठेवली, एवढी अपेक्षा ठेवा.

क्रम लावायचा तर या रविवारी टॉर्च, अगरबत्ती, हीटरचा कॉक आणि गळतीची तपासणी. पुढच्या आठवड्यात गिअरचे बूट, टनेलची पट्टी आणि ग्रोमेट. पत्रा त्यानंतर, कारण बूट बदलल्यावर गिअरपाशी किती आकडा उतरला ते कळल्याशिवाय पत्रा किती लांब घ्यायचा ते ठरत नाही. पत्रा बसवल्यावर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर त्याचे चारही बोल्ट पुन्हा आवळा, तापून-गार होऊन ते एकदा सैल पडतातच.